माझ्याआधी ज्याला कळलं

भाऊसाहेब गेला तो मंगळवार होता. त्याच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा, फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. त्या म्हणाल्या, "भावजी, संपलं." मी संगणक बंद केला, खोलीला कुलूप लावलं आणि निघालो.

आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे त्याच्या चांगुलपणाबद्दल बोलतात आणि मी मान हलवतो. ते सगळं खरंच आहे. पण त्याची आठवण काढायला बसलं की मला आधी त्याचा चांगुलपणा आठवत नाही. आधी मत्सर आठवतो, माझा. तो बाजूला ठेवून लिहायचा प्रयत्न करून पाहिला, पण तसं लिहिलेलं कुठल्याही माणसाबद्दल खरं ठरलं असतं.

नगरच्या औद्योगिक वसाहतीत पंप बनवणारी एक कंपनी आहे, तिच्या विधी विभागात आम्ही होतो. विभाग म्हणजे आम्ही दोघेच, दोन टेबलं आणि करारांची कपाटं. मी नगरचाच, तो जिल्ह्यातल्याच बेलापूरचा. भाऊसाहेब हे त्याचं पाळण्यातलं नाव. आमच्या जिल्ह्यात भाऊसाहेब, रावसाहेब, अण्णासाहेब ही नावं बारशालाच ठेवतात, हे पुण्याच्या मुख्य कार्यालयाला कधी उमगलं नाही. ते फोनवर त्याच्याशी फार अदबीने बोलायचे, आणि मी मागून "ए भाऊसाहेब, दार लाव" म्हणालो की पलीकडे एकदम शांतता व्हायची. मला तो मास्तर म्हणायचा, कारण जेवणाच्या सुट्टीत मी पुस्तक काढून बसायचो. कोर्टात, बैठकीत त्याचं मराठी आणि इंग्रजी दोन्ही घोटीव असे. आमच्या खोलीत आला की चपला काढाव्यात तशी तो ती भाषा दाराशी काढून ठेवायचा.

आमची एक पद्धत होती. मोठा करार सहीला जायच्या आधी आम्ही तो मिळवून घ्यायचो. म्हणजे एकाने आमचा मंजूर मसुदा मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने समोरच्या पक्षाकडून आलेल्या प्रतीवर बोट फिरवत जायचं, शब्दाला शब्द, स्वल्पविरामासकट. कुणी गुपचूप काही बदललं असेल तर ते तिथे सापडे. जुन्या वकिलांकडे उमेदवारी केलेल्यांना ही पद्धत ठाऊक असेल. वाचायला नेहमी भाऊसाहेब, कारण गावच्या सप्ताहात तो पारायणाला बसणारा, त्याचा आवाज दमत नसे. नुकसानभरपाईचं रुक्ष इंग्रजी कलम तो ओवीच्या चालीवर म्हणायचा. मध्येच, त्याच चालीत, "मास्तर झोपला का रं" असं घालायचा, आणि मी ते क्षणभर प्रतीत शोधत राहायचो. दुपारची जेवणं झालेली, पंखा डोक्यावर, आणि त्याचा आवाज. माझं लग्न झालं नाही. घरी माझ्याशी मोठ्याने कुणी बोलत नाही. ही दुपार मला काय होती हे मी त्याला कधी सांगितलं नाही, सांगायचं असतं असं वाटलंही नाही.

मग कंपनीने करार तपासणारं ते एआय घेतलं. दोन प्रती त्यात टाकायच्या आणि काय बदललं ते रंगवून समोर येतं. कोणतं कलम आपल्याला धोक्याचं आहे तेही सांगतं, आणि नवा मजकूर सुचवतं. प्रश्न विचारला की उत्तर देतं, मराठीतसुद्धा. मला वाटलं, भाऊसाहेब पहिल्याच आठवड्यात वैतागेल. त्याने त्याचं नाव पाव्हणं ठेवलं.

"पाव्हण्याला इचारू," तो म्हणायचा.

"मला विचार की," मी म्हणायचो.

"तू धा मिनटं चष्मा पुसशील, मग म्हनशील बघावं लागंल."

मिळवून घेणं बंद पडलं. मी एकदा आग्रह धरला, एवढा तरी करार वाचून बघू, डीलरचा आहे, माणूस बनेल आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "आरं मास्तर, निम्मी दुपार जायची त्यात. ह्यो चहा यायच्या आत करतो. उगं जुनं धरून बसू नको." तो बरोबर होता. बदल सगळे सापडले होते, एक तर असा होता जो माझ्या बोटाखालून नक्की निसटला असता. मला त्याचं बरोबर असणं सहन झालं नाही.

पाव्हणं चुकलं की मला आनंद होई, हे मी लपवून ठेवत असे. पुणतांब्याच्या बाजूला कंपनीला गोदामासाठी जागा भाड्याने घ्यायची होती. मालक तिघे भाऊ: रावसाहेब, अण्णासाहेब आणि बापूसाहेब. कराराचा गोषवारा पाव्हण्याने काढला तो असा, की जागा एकाच गृहस्थाची आहे आणि कुटुंबात त्यांना आदराने वेगवेगळ्या प्रकारे संबोधतात. तिन्ही सख्खे भाऊ त्याने मानाच्या शब्दांत विरघळवून टाकले होते. मी हसलो, जरा जास्तच मोठ्याने. भाऊसाहेबही हसला, पण तो पाव्हण्याच्या बाजूने हसला. "नवीन हाय त्ये. आपल्याकडची बारशी कुठं पाह्यलीत त्यानं? शिकंल." आणि टाइप करत बसला, लहान पोराला समजावून सांगावं तसं: बाबा रे, ही तीन माणसं आहेत, मीही असाच एक आहे. मी या नोकरीत नवा होतो तेव्हा एका पत्रावर चुकीच्या तालुक्याचं नाव घातलं म्हणून याच भाऊसाहेबाने मला वर्षभर त्या तालुक्याच्या नावाने हाक मारली होती.

एकदा तो कोर्टात गेलेला असताना मी दार लोटून घेतलं आणि पाव्हण्याला विचारलं. साधाच कायद्याचा प्रश्न. त्याने फार अदबीने उत्तर दिलं, प्रश्न चांगला आहे म्हणालं, आणखी काही मदत हवी का असंही विचारलं. म्हणजे भाऊसाहेबाशी बोलायचं तसंच ते माझ्याशी बोललं, आणि ते कुणाशीही तसंच बोलणार होतं. मला हे भाऊसाहेबाला सांगावंसं वाटलं, की अरे, त्याला तू आणि मी सारखेच आहोत. पण हे सांगताना मला काय हवं होतं ते त्याला लगेच कळलं असतं, म्हणून गप्प बसलो.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. पाव्हण्याच्या वापराचे कंपनीतले नियम मी लिहिले आणि ते सगळ्यांना समजावून सांगायचं काम भाऊसाहेबाने केलं. शॉपफ्लोअरच्या सुपरवायझरपासून हिशेब खात्यापर्यंत सर्वांपुढे उभं राहून तो बजावायचा, "ऑफिसच्या यंत्राला घरचं काही विचारायचं नाही. बायकोचं भांडण नाही, पोराची ॲडमिशन नाही, दुखणं तर मुळीच नाही." लोक हसायचे. नियम मोडणाऱ्यातला तो नव्हता. सिग्नल बंद पडलेल्या चौकातसुद्धा गाडी थांबवायचा.

पावसाळा संपत आला होता तेव्हा एक दिवस तो म्हणाला, "मास्तर, उद्या पुण्याला यायचंय." मला वाटलं मुख्य कार्यालयाचं काम. गाडी तो चालवत होता. सुपा मागे पडलं. शिरूरला चहाला थांबलो तेव्हा त्याने मागच्या सीटवरची मोठी पिशवी दाखवली. स्कॅन होतं. स्वादुपिंडात गाठ होती.

"कधी कळलं?"

"रिपोर्ट गुरवारी आला. त्यातलं डाक्टरी इंग्रजी मला कळंना, म्हनून पाव्हण्याला इचारलं."

"ऑफिसच्या?"

"मंग? आन कुठलं हाय माझ्याकडं?"

मी चहाचा ग्लास खाली ठेवला. गुरुवारी मी त्याच्यासमोरच बसलो होतो. दोन टेबलांच्या अंतरावर तो आपलं मरण टाइप करत होता आणि मी पुस्तकाची पानं उलटत होतो... "मला का नाही विचारलंस?" मी म्हणालो.

"तुला सांगितलं असतं तर तुझं तोंड उतरलं असतं. मंग मला तुझी समजूत काढावी लागली असती. त्याचं तोंड उतरत न्हाई." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हसत म्हणाला, "बघ, आता उतरलंच की. तरी त्येच म्हनालं हां, डॉक्टरकडं एकट्यानं जाऊ नका, जवळचं मानूस संगं न्या. म्हनून तर तुला आनलं."

हे त्याने प्रेमाने सांगितलं. मला पुण्यापर्यंत एवढंच कळत होतं, की मी त्याच्या शेजारी बसलो आहे तेही पाव्हण्याच्या सल्ल्याने.

पुढचे महिने आम्ही बहुतेक रोज भेटलो. दवाखान्यात, मग घरी. त्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते वहिनींचं आहे, माझं नाही.

दहावा झाल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. कंपनीच्या काही कागदांवर त्यांच्या सह्या हव्या होत्या. सह्या झाल्या, चहा झाला, आणि मी उठता उठता शिरूरची गोष्ट त्यांना सांगितली. वाटलं होतं त्यांना धक्का बसेल. त्या म्हणाल्या, "मला तर पुण्याहून आल्यावर सांगितलं, भावजी. तुमच्याही नंतर." पदराने डोळे पुसले आणि मग एकदम हसल्या. "सवतच म्हणायची की ती माझी. आणि तुमचीसुद्धा." आम्ही दोघंही हसलो, कितीतरी दिवसांनी. मला जरा बरं वाटलं. माझा नंबर निदान दुसरा होता, हे मनात आलं आणि लगेच लाजही वाटली, कारण तो दुसरा नंबर मी त्यांच्याकडून घेतला होता.

मागच्या आठवड्यात संगणक विभागातली अंकिता माझ्याकडे आली. भाऊसाहेबाचं खातं बंद करायचं होतं, माझी परवानगी हवी होती. "सर, एक विनंती आहे," ती म्हणाली. "त्यांनी एआयला विचारलेले प्रश्न सगळे आहेत त्यात. फार छान विचारायचे. मॅनेजमेंट म्हणतंय, काढून ठेवू, नव्या लोकांना शिकायला उपयोगी पडतील. तुम्ही एकदा चाळून घ्या, खाजगी काही असेल तर वगळू."

म्हणजे वाचायचा अधिकार माझा होता. त्या गुरुवारी त्याने काय विचारलं, कोणत्या शब्दांत विचारलं, घाबरला होता का, आणि मी कुठे होतो त्यात... एकदा तरी माझं नाव आलं असेल का. मी वहिनींना फोन केला. सगळं सांगितलं.

"तुम्हाला वाचायचंय का, भावजी?"

"हो," मी म्हणालो.

"मलापण. पण त्यांनी ते आपल्या दोघांना सांगितलं नव्हतं ना." मग म्हणाल्या, "तुम्ही ठरवा. वाचलंत तर मात्र मला सांगू नका, मला राहवणार नाही."

मी अंकिताला लेखी कळवलं की कामाचं आणि खाजगी त्यात मिसळलेलं आहे, ते वाचल्याशिवाय वेगळं करता येणार नाही, आणि वाचायला मृत व्यक्तीची संमती नाही. सबब काहीही न काढता, न उघडता, सगळं कायमचं पुसावं. कारण खरं होतं, आणि कुठल्याही वकिलाने तेच लिहिलं असतं. पण लिहिताना माझ्या मनात दुसरंही होतं. ते मला मिळणार नसेल, तर पाव्हण्याकडेही राहू नये.

अंकिताने काल पुसून झाल्याचं कळवलं. पाव्हण्याकडे आता भाऊसाहेबाचं काही नाही. जे आहे ते वहिनींकडे आहे आणि माझ्याकडे.