त्याच्या वाट्याचे फुगे

वीरांच्या टोळीचं कॉमिक चांगलं की वाईट, हे ओळखायची माझी एकच खूण आहे: त्यात कुणी शोभेपुरतं उभं नसतं. एकटा वीर सगळं उरकून टाकतो, ती पुस्तकं मला लहानपणीही आवडायची नाहीत. पाच जण असतील तर पाचांनाही काम हवं, आणि एक नसला तर बाकीच्यांचं अडायला हवं.

आमच्या गावी, उंद्रीला, हिंदी कॉमिक्स यायची ती चिखलीच्या बसस्टँडवरून, मामाच्या पिशवीतून. वाचणारे तिघं: मी, माझा थोरला भाऊ आणि त्याचा शेजारचा मित्र. वाचायचं मोठ्यानं, आणि ज्यानं जो वीर घेतला त्याच्या तोंडचे फुगे त्यानंच वाचायचे. भावानं आग फेकणारा आणि उडणारा, दोन्ही बळकावले होते. थोरलेपणाचा फायदा तो घ्यायचाच. टोळीत बाई एकच, ती न विचारता माझ्या गळ्यात पडली. तिला भिंतीपलीकडचं दिसायचं, म्हणून मीही कुरकुर केली नाही. मित्रानं मात्र आपणहून दगडी अंगाचा, मंद, कमी बोलणारा गडी निवडला. त्याचे फुगे मोजकेच, पण तो ते असा घोगरा आवाज काढून वाचायचा की आम्ही त्यांची वाट बघायचो.

बैठक कापसाच्या खोलीत. बीटीचं बियाणं नवं होतं. आमच्याकडे त्या वर्षी कापूस असा आला की वडिलांनी मधली खोली रिकामी करून तिथं रचायला घेतला, आणि भाव चढेपर्यंत विकायचा नाही असं ठरवलं. अंगाला खाज सुटायची, पण तशी गादी मला पुन्हा कुठे मिळाली नाही.

त्या दिवशी गोष्ट ऐन रंगात होती. कोसळणारं छत दगडी गड्यानं खांद्यावर तोललं होतं आणि बाकीचे लोकांना बाहेर काढत होते. तेवढ्यात वेचणीचा कापूस घेऊन बैलगाडी आली. कापूस तुडवून दाबायचं काम आम्हा पोरांचं. गाठोडी रिकामी होत गेली, आम्ही नाचत तुडवत गेलो, आणि कॉमिक उचलायचं तिघांच्याही डोक्यातून गेलं. आठवलं तेव्हा ते कंबरभर कापसाखाली होतं. उकरायला गेलो तर वडील ओरडले; दाबलेला कापूस विस्कटायचा नाही.

त्याच हंगामात मित्राच्या शेतातली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, लाल पडून वाळली होती. सलग दुसरं वर्ष. त्याच्या वडिलांनी शेत दुसऱ्याला बटईनं कसायला दिलं आणि पुण्याला कंपनीत कामाला जायचं ठरवलं. संक्रांत झाली की घरचे सगळेच निघणार होते. मित्र रोज येऊन आमच्या वडिलांना भाव विचारायचा. पोराला शेतीची गोडी आहे म्हणून वडिलांना कौतुक वाटायचं. त्याला फक्त तो गडी छताखालून निघाला का, एवढंच हवं होतं.

भाव चढला नाही. एसटीत चढताना तो म्हणाला, "सापडलं त वाचजा. पण माह्या वाट्याचं कोनी वाचू नका बे."

"हाव," भाऊ म्हणाला.

पत्ता कळवतो म्हणाले होते, तो कधी आला नाही. होळीच्या सुमारास वडिलांनी भाव चढायची वाट बघणं सोडलं आणि कापूस न्यायला गाडी बोलावली. तळाशी कॉमिक सापडलं, चपटं झालेलं पण शाबूत. रिकाम्या खोलीत आम्ही दोघं वाचायला बसलो. दगडी गड्याचा फुगा आला की थांबायचो, मनातल्या मनात वाचायचो, मग पुढे. मला रडू येत होतं आणि भाऊ मुद्दाम माझ्याकडे बघत नव्हता.

तो छताखालून निघाला, सगळ्यांत शेवटी. शेवटच्या पानावर धुळीनं माखून उभा आहे, आणि पानावर एकच फुगा, त्याचाच: "सब आ गए क्या?"

आम्ही तो मोठ्यानं वाचला नाही. पुस्तक मिटलं.

ते अजून माझ्याकडे आहे. घरातली पोरं आता ते मोठ्यानं वाचतात, आणि त्याच्या फुग्यापाशी मी त्यांना थांबवते. काऊन, म्हणून विचारतात. ज्याचं आहे तो यायचा आहे अजून, असं सांगते.