मंगळवारचा चहा

नव्वद सालानंतरची गोष्ट. नवरा अंबरनाथच्या कारखान्यात, मुलगा इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर, आणि कात्रपच्या आमच्या नव्या बिल्डिंगमध्ये दुपारी सगळ्यांची दारं बंद. स्वयंपाक आटोपला की संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलायला कुणी नसे. एकदा भाजीवाल्याला मी वांग्यांचा भाव दोनदा विचारला, तो काहीतरी बोलेल म्हणून. त्याच आठवड्यात, गरीब बायकांना छोटी कर्जं देणाऱ्या एका संस्थेत मी नाव दिलं. लोकांना वाटलं, समाजसेवेची आवड. मीही तसंच सांगत आले.

दर मंगळवारी जवळच्या खरवई गावात दहा बायकांच्या गटाची बैठक असे. त्या सतरंजीवर बसत. माझ्यासाठी मात्र कुणाच्या तरी घरून खुर्ची येई.

"मी बसते गं खाली."

"नको बाई, साडी मळंल."

मी आले की त्यांच्या गप्पा थांबत. निघाले की वळणापर्यंत पोचायच्या आत पुन्हा सुरू होत, हसणं मला रस्त्यावर ऐकू येई.

त्यातली एक मात्र माझ्याशी बोलायची. तिशीची असेल. उल्हासनगरहून जीन्सचे गठ्ठे आणून घरी धागे कापायची; कात्रीने तिचा अंगठा कायम सोललेला. तिला शिलाई मशीन घ्यायचं होतं. नवऱ्याच्या कामाचा भरवसा नाही म्हणून संस्था कां-कूं करत होती. मी शब्द टाकला, कर्ज मिळालं, मशीन आलं. पहिला ब्लाऊज तिने माझाच शिवला. काखेत घट्ट झाला होता, तरी मी तो तसाच घालत राहिले.

एकदा रिक्षापर्यंत सोडायला आली तेव्हा तिने विचारलं, "आता घरी कोण असंल तुमच्या?"

"कुणी नाही."

"मग चहा घेऊन जा की."

तेव्हापासून बैठकीनंतरचा चहा तिच्याकडे ठरून गेला. ती शिवत असायची, मी पाटावर बसून बोलायचे. नवऱ्याला न सांगितलेलंही तिला सांगायचे.

मग एका मंगळवारी ती आली नाही. पुढच्याही नाही. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, नवऱ्याची नोकरी गेली, मशीन टेम्पोत घालून दोघं उल्हासनगरला गेली. एकीचं कर्ज थकलं तर गटाने भरायचं, असा नियम; बाकीच्या बायकांनी तिचा हप्ता भरला आणि मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी घरी न सांगता उल्हासनगरला गेले. जीन्सच्या गल्ल्यांतून विचारत फिरले. एका सिंधी दुकानदाराने स्टूल दिलं, पाणी दिलं. "अम्मा, इधर तो सौ बाई काम करती है," म्हणाला, तरी त्यानेच मागच्या एका कारखान्याकडे बोट दाखवलं.

पत्र्याच्या शेडमध्ये मशीनच्या दोन रांगा होत्या. ती शेवटच्या मशीनवर. मला पाहून उठली, बाहेर आली, पदराने तोंड पुसत राहिली.

"पैशासाठी आलात ना, बाई? बुडवणार नाही मी. थोडं थांबा फक्त."

तू दिसली नाहीस म्हणून आले, एवढंच म्हणायचं होतं. पण ती इतकी भेदरली होती, आणि आतून मुकादम हाक मारत होता. मी म्हटलं, "हो. हप्त्याचं विचारायला आले होते."

तिने मान हलवली. चहाचं काही बोलली नाही.

तिने शब्द पाळला. दर महिन्याला तिची बहीण मंगळवारच्या बैठकीत पैसे आणून द्यायची. वर्षभरात सगळं फिटलं. संस्थेच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "तुमच्यामुळे वसुली झाली हो!" त्या दिवशी माझं कौतुक झालं.

शेवटच्या खेपेला मी बहिणीला विचारलं, "कशी आहे ती?"

"बरी हाय. मुलगी झाली तिला, चार महिन्यांची हाय आता."

मी बाळासाठी झबलं घेतलं आणि पुढच्या मंगळवारी पिशवीत घालून गेले. पण बहिणीला आता यायचं कारण उरलं नव्हतं.