विकणाऱ्याची कॉफी

महाडला आमच्या घराला प्लास्टर एकाच बाजूला होतं. रस्त्याच्या. बाकी तीन बाजूंना विटा उघड्या. बाबा गवंडी. सौदीत तबूकला कॅम्पमध्ये राहून त्यांनी दुसऱ्यांच्या भिंती अशा गुळगुळीत केल्या की माशीचा पाय घसरावा. सुट्टीवर आले की आमच्या तीन भिंतींकडे बघत म्हणायचे, "पुढच्या खेपेला करू." पुढच्या खेपेला माझी कॉलेजची फी निघायची. पावसाळ्यात भिंती ओल धरायच्या. आई माझी पुस्तकं पिठाच्या डब्यात ठेवायची. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष मी तांदळाच्या पिठाच्या वासात काढलं.

आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. हे वाक्य मी कुठेही घुसवतो, असं माझी बायको वृषाली म्हणते. घुसवतो. बाबांच्या तीन भिंती त्यात गेल्यात.

आता कामाचं. मी रियाधमध्ये फ्लॅट तपासतो. फ्लॅट ताब्यात घेण्याआधी गिऱ्हाईक आम्हाला बोलावतं, आम्ही खोली खोली बघून दोष लिहून देतो. त्याला स्नॅगिंग म्हणतात. टाइलवर काठीने ठोकायचं. 'ठक' वाजलं तर खाली सिमेंट नीट भरलंय, 'ढब' वाजलं तर पोकळ. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतायचं. जाळीकडे गेलं तर पास, दाराकडे आलं तर स्नॅग. आणि संबंध घराचा रंग जुना असताना एकाच भिंतीला नवा रंग दिसला तर त्या भिंतीला काहीतरी लपवायचंय.

या धंद्यातला पहिला नियम मला माझ्या पहिल्या बॉसने शिकवला. "विकणाऱ्याची कॉफी प्यायची नाही. प्यायलास की अर्धे स्नॅग दिसायचे बंद होतात आणि उरलेले बोलवत नाहीत." मी हा नियम इतका पाळला की ऑफिसात मला 'रोजेदार' म्हणायचे.

मग स्वतःचंच घर बघायची वेळ आली. आमच्या घरमालकाला त्याच्या मुलाच्या लग्नासाठी फ्लॅट रिकामा हवा होता. इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, असला की परवानगी काढून राहण्यापुरतं घर घेता येतं, तेव्हा वृषाली म्हणाली, "आता भाड्याचं बास. खिळा मारायला कुणाला विचारावं लागणार नाही असं एक घर बघ."

मी बघू लागलो. आणि नापास करू लागलो. एकाची टाकी वाईट, एकाचं वायरिंग, एकाचा जिना.

"तुला घर घ्यायचंय की घरांची परीक्षा?" वृषाली म्हणाली.

"दोन्ही."

"मग आपण फुटपाथवर राहू. तिथेही ठोकायला टाइल असतात."

आमची मुलगी इरा इंडियन स्कूलमध्ये आठवीत. ती म्हणाली, "पापा, आप तो बकिंगहॅम पॅलेस भी फेल कर दोगे."

घरमालकाचा दुसरा फोन आला. तारीख जवळ आली होती. तेव्हा करीमभाईंनी मलजचा फ्लॅट सुचवला. करीमभाई हैदराबादचे टेलर, माझ्या पँटी तेच कमी-जास्त करतात. हल्ली जास्तच. त्यांच्या शेजारचाच, भिंतीला भिंत लागून असलेला फ्लॅट विकायचा होता.

मलज म्हणजे रियाधचा जुना, मधोमध असलेला भाग. बिल्डिंगी चकचकीत नाहीत, पण आपल्यासारख्याला परवडतं. त्या बिल्डिंगमध्ये खाली येमेनी माणसाचं किराणा दुकान, पहिल्या मजल्यावर सुदानी नर्स आणि तिचं कुटुंब, दुसऱ्यावर करीमभाई आणि शेजारी हा फ्लॅट, वर इजिप्तचे एक गणिताचे मास्तर, उस्ताद महमूद. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर वेगळ्या फोडणीचा वास. वृषाली पहिल्याच मजल्यावर म्हणाली, "मला पसंत आहे."

"अजून घर पाहिलं नाहीस."

"तू आहेस ना त्याला."

मालक अबू सालेह. पांढरी दाढी, ताठ पाठ, हातात कॉफीची सुरई. ते आता मुलाच्या व्हिलात राहायला जाणार होते. वृषाली आणि इरा आत त्यांच्या बायकोकडे, उम्म सालेहकडे गेल्या. इथल्या जुन्या फ्लॅटला दोन दारं असतात: एक घरच्यांचं, एक पाहुण्यांचं. पाहुण्यांचं दार थेट मजलिसमध्ये उघडतं. मजलिस म्हणजे बैठकीची खोली. घरातली सगळ्यात मोठी खोली, सगळ्यात मोठी खिडकी, सगळा उजेड त्या खोलीत.

मी काठी काढली. खोली खोली फिरलो. करीमभाई मागे मागे.

"इंजीनियर साब, घर देख रए कि घर का पेट?"

खरं सांगायचं तर घर चांगलं होतं. टाइल बहुतेक सगळ्या 'ठक'. एका नळाला गळती, बाल्कनीचा उतार उलटा. मग बेडरूममध्ये एका भिंतीला नवा रंग दिसला. मॉइश्चर मीटर लावला. हे यंत्र भिंतीतली ओल मोजतं. ते ओरडायला लागलं. वर उस्ताद महमूदांचं बाथरूम. पाणी तिथून भिंतीत उतरत होतं. ती भिंत सरळ महाडची निघाली.

दोष मोठा होता, पण मला आतून बरं वाटलं. एवढा मुद्दा हातात असला की भाव कमी करता येतो. वरून वॉटरप्रूफिंग केल्याशिवाय मात्र घर घेण्यात अर्थ नव्हता.

मजलिसमध्ये येऊन बसलो. अबू सालेहांनी फिंजान भरला. फिंजान म्हणजे बिनकानाचा छोटा कप. वेलदोड्याचा वास नाकात गेला. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं, म्हणून घेतला. पण नियम तो नियम. प्यायलो नाही. समोरच्या टेबलावर ठेवला.

अबू सालेहांचा हात थांबला. सुरई खाली ठेवली. सावरून बसले.

"बोल," ते म्हणाले. "तुझं मागणं काय?"

माझं अरबी साइटवरचं. यल्ला, खलास, उद्या ये, पैसे कुठे. पण एवढं कळलं. मला वाटलं, माणूस प्रोफेशनल आहे, रिपोर्ट मागतोय. मी मोबाईल काढला आणि वाचायला सुरुवात केली. करीमभाई अरबीत सांगू लागले.

"किचनच्या नळाचा वायसर बदलायचा."

करीमभाईंनी सांगितलं.

"बाल्कनीचा उतार उलटा."

करीमभाईंचा आवाज बारीक झाला.

"कमोडचं झाकण..."

"ये मैं नहीं बोलता जी," करीमभाई म्हणाले. "ये आप अपने मुँह से बोलो."

"का? काय झालं?"

"साब, यहाँ कप भरा का भरा नीचे रखे तो उसका मतलब होता. बोले तो मेहमान की कोई बड़ी माँग है. मेजबान हाँ बोले तब पीता. लोगाँ खून माफ कराने को रखते, लड़की का हाथ माँगने को रखते. आप कमोड के झाकन के वास्ते रख दिए!"

माझे कान तापले. अबू सालेह माझ्याकडे बघत होते. मग एकेक शब्द सावकाश, मला कळावा असा, म्हणाले, "या मजलिसमध्ये दोघांनी कप खाली ठेवला होता. एकाने माझी मुलगी मागितली. एकाने भावाची माफी मागितली. तू तिसरा. अजून काही आहे?"

आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. म्हटलं, "आहे. वरच्या बाथरूमचं पाणी तुमच्या भिंतीत येतंय. ते वरून फोडून दुरुस्त करायला हवं."

त्यांनी वर छताकडे पाहिलं. करीमभाईंनी माझी मांडी दाबली. "मर गए. ऊपर वाले से बात बंद है. गाड़ी के साये का झगड़ा." खाली पार्किंगमध्ये पत्र्याची सावली एकाच गाडीपुरती. त्यावरून दोघे कित्येक वर्षं बोलत नव्हते. म्हणून तर भिंतीला नुसता रंग लावला होता. रंग लावायला वर जावं लागत नाही.

मला वाटलं, आता घर गेलं. वृषालीचा खिळाही गेला.

मजलिसमधलं बोलणं आत ऐकू जात होतं. तेवढ्यात इरा आतून आली. "पापा, मम्मी बोल रही है पी लो, प्लीज. और वो खुद रुक नहीं पा रही. दादीजी भरती जा रही हैं."

अबू सालेह हसले नाहीत, पण दाढी हलली. "अब्शिर," ते म्हणाले. म्हणजे समज, झालं. "पी."

मी प्यायलो. नोकरीतली पहिली. कडू होती आणि फार चांगली होती.

अबू सालेह लगेच उठले. "तू चल. इंजिनिअर लागेल." आम्ही वर गेलो. उस्ताद महमूदांनी दार उघडलं आणि बाजूला झाले. चहा आला. काचेच्या ग्लासात, पुदिना घातलेला. अबू सालेहांनी ग्लास घेतला आणि न पिता खाली ठेवला.

मास्तर इथे निम्मं आयुष्य राहिलेले. त्यांना अर्थ कळला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सांगा, हाजी."

"तुझं बाथरूम फोडायचंय."

मास्तरांनी ग्लासाकडे पाहिलं. वाफ निघत राहिली.

"चहा गार होतोय," मास्तर म्हणाले. "प्या. आणि फोडा." मग जरा थांबून, "पण ती सावली..."

"सावली घे. मी जातोच आहे."

"गेल्यावर देताय होय!"

दोघे हसले. मी नाही हसलो. मी बाथरूमची लांबी-रुंदी घेत होतो.

काम नीट झालं. फरशी काढली, वॉटरप्रूफिंगचा थर दिला, मग फ्लड टेस्ट केली. बाथरूममध्ये पाणी तुंबवून ठेवायचं आणि खालची भिंत बघत बसायचं, एवढीच ती टेस्ट. भिंत कोरडी राहिली. अबू सालेहांनी नळ बदलला, बाल्कनीचा उतार दुरुस्त केला. कमोडचं झाकण स्वतः बसवलं आणि मला बोलावून दोनदा उघड-बंद करून दाखवलं.

भाव मात्र एका रियालनेही कमी झाला नाही. मी तो विषय काढणार होतो. तोंडही उघडलं होतं. पण कॉफी पोटात होती. माझा बॉस बरोबर होता.

आता मजलिसमध्ये इराचा अभ्यास आणि वृषालीचं शिलाई मशीन असतं. घराला दोन दारं, तोरण कुठल्या दाराला यावर आमचं एकमत झालं नाही, म्हणून दोन तोरणं आहेत. खिळे वृषालीने मारले. एक वाकडा गेला. तिने तो काढू दिला नाही.

लोक सल्ला विचारतात म्हणून लिहून ठेवतो. दुसऱ्याचं घर तपासताना विकणाऱ्याची कॉफी घेऊ नये. स्वतःचं घर घेताना घ्यावी, पुरे झालं की रिकामा फिंजान हलवून परत द्यावा, नाहीतर भरतच राहतात. हे हलवायचं वृषालीला त्या दिवशी कोणी सांगितलं नव्हतं. ती रात्रभर जागी होती.

बाबांना व्हिडिओ कॉलवर भिंती दाखवल्या. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला.

"बेडरूमच्या भिंतीची मागची बाजू दाखव," ते म्हणाले.

"बाबा, मागे करीमभाईंचं घर आहे."

"मग त्याच्याकडे जाऊन दाखव."

गेलो. करीमभाईंचा गणवेशांचा ढीग बाजूला सारून दाखवली.

मलजला आमचं स्वतःचं घर आहे. प्लास्टर दोन्ही बाजूंनी आहे.