वीस मिनिटांवरचं घर

सान आंद्रेस बेटावरून प्रोविडेन्सिया बेटावर विमानाने जायला वीस मिनिटं लागतात. अंतर म्हणाल तर नव्वद किलोमीटर. तेवढ्या वेळात धड भातही शिजत नाही. तरी ऑर्लिंडा न्यूबॉलला ते तीन वर्षं जमलं नव्हतं, आणि ज्याला यात हसू येतं त्याने एकदा डायलिसिसच्या खुर्चीत बसून बघावं.

तिचं घर, नवरा, गाई, आईबापांची थडगी, सगळं प्रोविडेन्सियाला. मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा ती सान आंद्रेसला भाचीकडे आली, कारण रक्त धुणारं यंत्र तिथेच. सोमवार, बुधवार, शुक्रवार. भाचीचं घर धावपट्टीला लागून. रोज सकाळी ते छोटं विमान डोक्यावरून जायचं, आणि ही खिडकीत बसून चडफडायची.

नवरा हार्लन फोनवर म्हणायचा, वीस मिनिटं तर आहेत, ये की. स्वतः मात्र बेट सोडायला तयार नाही. गाईंना कोण बघणार, घर कोण उघडं ठेवणार? खरं तर ऑर्लिंडालाही तेच हवं होतं. घर उघडं आहे, चूल पेटते आहे, म्हणजे आपण परत जाणार. या एका आशेवर तर ती त्या जाड सुया टोचून घेत होती.

शेवटी डॉक्टरीणबाईंना पाझर फुटला. शनिवारी जा, रविवारी परत ये, पाणी मोजून पी, असं बजावून त्यांनी तिला सोडलं.

तिला उतरवून घ्यायला अर्धं गाव आलं होतं. घरी नारळाच्या दुधात मासे, शंखातलं मांस, नीरफणस, कच्ची केळी असं रोंडोन रटरटत होतं. बाईचा जीव की प्राण, आणि पथ्यात नेमकं तेच बसत नव्हतं. तिने दोन घास चाखून ताट सारलं. शहरात राहून जीभ फार नाजूक झाली गं तुझी, असं शेजारीण चिडवत होती. ऑर्लिंडा हसली. त्या रात्री ती आपल्या बिछान्यावर झोपली आणि खूप दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

रविवारी उत्तरेचा वारा सुटला. विमान आलं नाही. सोमवारीही नाही. आणि तसल्या लाटांत बोट कोण काढतो? ऑर्लिंडाचे पाय सुजले, आडवं झालं की धाप लागायची. स्वतःच्या ओसरीवर बसून ती आभाळाकडे डोळे लावून होती, आणि मनात एकच ध्यास, यंत्र, यंत्र. घर तिला खायला उठलं होतं. आपलंच घर नकोसं झालं याची तिला इतकी लाज वाटली की हार्लनकडे बघवेना. त्यालाही अन्न गोड लागत नव्हतं.

मंगळवारी वारा पडला आणि विमान उतरलं. हार्लनने तिला धरून विमानापर्यंत आणलं.

"आता मला ये म्हणू नकोस," ती धापा टाकत म्हणाली. "पुन्हा यायची हिंमत नाही माझ्यात."



"मग गाई विकतो, मीच येतो तिकडे," हार्लन म्हणाला. "घराला कुलूप लावू?"

"लाव," ती म्हणाली, आणि त्याचा हात सोडून एकटीच शिडी चढली.