वैद्यबुवांचे जन्मघर

एका माणसाच्या जन्मावर दुसऱ्याने अख्खे आयुष्य काढावे, हे फक्त आमच्या मामांनाच जमले. कल्याणला एक वैद्यबुवा होऊन गेले. पटकीच्या साथीत ज्यांना सोयरेही शिवेनात, अशा रोग्यांना ते आपल्या घरात आणून निजवीत. ते गेल्यावर मामांनी मामलेदार कचेरीतली कारकुनी सोडली, ते रिकामे घर झाडूनपुसून घेतले आणि दारावर पाटी लावली: 'जन्मस्थान'. वैद्यबुवांचा खल, पगडी, चष्मा सगळे ओळीने मांडले होते. पण मामांचा जीव मागच्या बाळंतिणीच्या खोलीत. तिथे त्यांनी पाळणा टांगला होता. खोली आली की ते ओठांवर बोट ठेवून कुजबुजत, "हळू बोला." वैद्यबुवा सत्तरीत वारले होते, तरी मामांचे बाळ तिथे निजलेलेच असे. दुपारच्या गाडीने शिट्टी वाजवू नये म्हणून ते एकदा स्टेशनमास्तरांना सांगायला गेले होते. मास्तरांनी त्यांना पाणी पाजून परत पाठवले.

एके दिवशी पन्नाशीची एक कोळीण मासळीची पाटी ओट्यावर ठेवून आत आली. मामांचे सगळे ऐकून घेऊन म्हणाली, "दादा, पयलं पोर आयच्या माहेरी होतं ना? वैद्यबुवांचं आजोल ठाण्याला. ते तिथंच जल्मले."

मामा ब्रह्मचारी. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते, हे त्यांच्या कधी ध्यानातच आले नव्हते. मी शेजारी उभा होतो. मला त्यांच्याकडे बघवेना.

"म्हणजे या खोलीत कोणीच जन्मलं नाही?" त्यांनी विचारले.

"मी जल्मले की! आयला पटकी झाली, पोटात मी. गावानं तिला भायेर काढली. वैद्यबुवांनी हितं आनली."

आठ दिवस मामांनी दार उघडले नाही. नवव्या दिवशी उघडले. पाटी तीच होती. पाळण्यापाशी पाहुण्यांना ते त्याच कुजबुजत्या आवाजात सांगू लागले, "वैद्यबुवा ठाण्याला जन्मले. इथं एक पोर त्यांच्यामुळे जन्मली." आणि बाजारातून परतणारी ती बाई दिसली, की तिला हाक मारून पाळण्याशेजारी उभी करीत. ती लाजून चूर होई.

मामा गेले, त्यानंतर वर्षभराने मी कल्याणला गेलो. घर बंद असेल असे धरूनच चाललो होतो. दार त्या बाईनेच उघडले. आता चांगलीच थकली होती. मी मोठ्याने मामांचे नाव काढले, तशी तिने ओठांवर बोट ठेवले.

"हलू बोला," ती म्हणाली.

मला हसू यायला हवे होते. पण माझे डोळे भरून आले, आणि मी हळूच आत गेलो.