कुठं जास्त, कुठं कमी

मॅडमनी माझे चिंचोके कचऱ्याच्या डब्यात टाकले. एकदम नाही. मूठ भरायची, टाकायची. पुन्हा मूठ भरायची. नर्सरीची सगळी मुलं बघत होती. मीही बघत होते.

"अहो, ही शाळा आहे, तुमचं अंगण नाही," मॅडम म्हणाल्या. "मुलांना बाथरूमला न्यायचं, हात धुवायचे. शिकवायला आम्ही आहोत."

मग तो डबा माझ्याच हातात दिला. बाहेर जाऊन रिकामा करून या म्हणाल्या. मी गेले. रिकामा केला. परत आले.

मला काही वाटलं नाही. फरशी पायाला गार लागत होती, एवढंच आठवतं.

मी यवतमाळकडची. नवरा पुण्यात कारखान्यात लागला, म्हणून बिबवेवाडीत आलो. मॅडमची शाळा जवळच्याच एका बंगल्यात होती. आयटीत कामाला जाणारे आईबाप सकाळी मुलं सोडायचे आणि कंपनीची बस गाठायला पळायचे. मी तिथं मदतनीस. पहिल्या दिवशी मॅडमनी आडनाव विचारलं. ऐकून नुसतं "अच्छा" म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून माझा चहाचा कप वेगळा, खिडकीत. मी त्यातच चहा पीत राहिले.

वर्गात सई होती. चार वर्षांची. वन टू थ्री शंभरापर्यंत एका दमात म्हणायची. पण समोर तीन बिस्किटं ठेवून "किती?" विचारलं की गप्प. कधी "टेन" म्हणायची, कधी रडायची. टीचरनी तिच्या डायरीत लिहिलं, मुलगी स्लो आहे. दुसऱ्या दिवशी आईनं तिला दारातच दंडाला धरून हलवलं. "घरी येतं ना तुला? मग इथं काय होतं?"

पोरीला आकडे पाठ होते. आकडा म्हणजे किती, हे कुणी दाखवलंच नव्हतं.

मी घरून चिंचोके आणले. धुऊन, पुसून. डबा खायच्या सुट्टीत दोन मुठी तिच्यापुढं उघडायचे. "कुठं जास्त?" एवढंच विचारायचं. मोज म्हणायचं नाही. मग प्रत्येक मुलापुढं एक एक चमचा तिलाच ठेवायला लावायचे. चमचे उरले तर दोघी हसायचो. माझी आई आम्हाला असंच खेळवायची, शेतावर, निंदणाच्या सुट्टीत.

एक दिवस चमचे मांडता मांडता सई थांबली. "मावशी, एक कमी आहे गं."

कुणी विचारलं नव्हतं. तिला आपोआप दिसलं होतं. मी आत जाऊन चमचा आणला.

सईनं घरी सांगितलं, मावशी शिकवते, चिंचोक्यांनी. आईनं शाळेत फोन केला, हे काय चाललंय म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो कचऱ्याचा डबा.

नंतर काही महिन्यांनी पालकांची सभा झाली. मला पाण्याचा ट्रे घेऊन उभं केलं होतं. टीचरनी सईला पुढं बोलावलं. दोन मुठी उघडल्या. आत रंगीत प्लास्टिकचे मणी. "कुठं जास्त?"

सईनं बरोबर हात दाखवला. टाळ्या. मॅडम म्हणाल्या, "हा खेळ आमच्या शाळेनं तयार केलाय. पाठांतर नको, संख्या समजली पाहिजे."

सई म्हणाली, "हा मावशीचा खेळ आहे."

सगळे हसले. मॅडमही हसल्या. "हो हो, मावशी फार लाडक्या आहेत. मावशी, पाणी द्या सगळ्यांना."

मी ट्रे खाली ठेवला.

"पाणी देणार नाही," मी म्हणाले. "खेळ माझा आहे. सईला मी शिकवलं. तेव्हा तुम्ही माझे चिंचोके कचऱ्यात टाकलेत."

मॅडमचा आवाज चढला नाही. "तुमचं शिक्षण किती हो?"

"दहावी."

मागं कुणीतरी हसलं.

"दहावी," मी पुन्हा म्हणाले. "तरी या पोरीला काय कळत नाही ते मला दिसलं. तुम्ही तिला स्लो लिहून मोकळ्या झालात."

मी सईच्या आईकडं बघितलं. तिनं मोबाइल काढला आणि त्यात बघत बसली. मला तिचा राग आला नाही. काहीच आलं नाही. चपला घातल्या आणि निघाले.

पंधरा दिवस घरात बसून होते. नवरा विचारायचा, काय झालं. सांगावंसं वाटायचं नाही.

मग शाळेतून दुसरी मदतनीस निरोप घेऊन आली. मुलं आठवण काढतात, मॅडम म्हणतात झालं गेलं विसरा, कामावर या.

मी तिला सांगितलं, "मी विसरणार नाही. शिकवायला बोलवत असतील तर तसं लेखी द्यायला सांग. बाथरूमला न्यायला दुसरी शोधा म्हणावं."

लेखी काही आलं नाही. येणारही नाही, मला माहीत आहे. मी बारावीचा फॉर्म बाहेरून भरलाय. त्यानंतर बालवाडीचा कोर्स. मग त्या बंगल्याच्या समोरच्याच गल्लीत वर्ग काढणार. पाटी मोठी लावणार, मॅडमच्या खिडकीतून वाचता येईल एवढी.