मान माझी हाय

मंजुळाबाईच्या हातून कोयता निसटायला लागला, तेव्हा ऊसतोडीच्या टोळीतल्या बायका म्हणाल्या, थंडीनं बोटं आखडली असतील. थंडी सरली, ऊस संपला, टोळी धारूरजवळच्या वाडीला परतली, तरी बोटं काही ताळ्यावर येईनात. पोलक्याची बटणं लागेनात. भाकरी थापता थापता परातीतच फाटायची. मानेतून निघालेली कळ खांद्यावरून डाव्या अंगठ्यापर्यंत जायची, आणि चालताना पाय कुठं पडतोय याचा भरवसा राहिला नव्हता.

बावीस वर्षं तिनं उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन, फळीवरून चढून ट्रक भरले होते.

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी मानेचा एमआरआय काढायला लावला. फोटो उजेडावर धरून त्या मंजुळाबाईच्या नवऱ्याशी, आश्रुबाशी, बोलू लागल्या. "ऑपरेशन लागेल. तुम्ही घरी विचार करून..."

"बाई," मंजुळाबाई मधेच म्हणाली, "मान माझी हाय. माझ्याशी बोला."

आश्रुबा चपापला. त्यानं खाली बघितलं, कारण हे बोलणं कुठून आलं ते त्याला ठाऊक होतं. चौदा वर्षांपूर्वी तिचं पोट दुखत होतं. एका दवाखान्यात डॉक्टरनं सासूला आणि आश्रुबाला बाजूला घेऊन सांगितलं, पिशवी काढावी लागेल. मंजुळाबाई तेव्हा सव्वीस वर्षांची. आपल्या पोटातून काय काढलं, ते तिला चौथ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून कळलं.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची वळवून तिच्यासमोर घेतली. "मणक्यांच्या मधे गाद्या असतात. तुमच्या दोन गाद्या फुटून मागं सरकल्यात आणि मज्जारज्जू दाबतायत. एक उपाय म्हणजे गळ्याच्या पुढून जाऊन त्या काढायच्या, जागा भरायची, पट्टी आणि स्क्रूनं मणके जोडायचे. मान वळणं जरा कमी होतं. दुसरा, हलणारी कृत्रिम गादी. पण तुमच्या मणक्यांचे सांधे झिजलेत, तिथं ती नीट बसणार नाही. तिसरा, मानेच्या मागून हाड उघडून मज्जारज्जूला जागा करायची. पण तुमचा दाब पुढून आहे."

"आन काहीच न्हाई केलं तर?"

"कळ गोळ्यांनी थांबेल कदाचित. दाब थांबणार नाही. हातापायातली ताकद गेली, की सगळी परत येईलच असं नाही."

"ऑपरेशनात धोका?"

"आवाज बसू शकतो, गिळायला त्रास होतो. क्वचित हातापायाला इजाही होते. लपवत नाही."

"मग पुढून करा," मंजुळाबाई म्हणाली.

घरी धाकटा दीर बंकट दारातच आडवा आला. "वैनी, मानेला चाकू लागला की माणूस खाटल्यावरच पडतंय. पाटोद्याकडं एक जण हाय, एका झटक्यात मान बसवतो."

"आन झटक्यात मोडली, तर मला परसाकडं तुमी नेणार हाव का, भावजी?"

बंकट दारातून बाजूला झाला.

ऑपरेशनच्या दिवशी नर्सनं संमतीचा कागद पुढं केला आणि सवयीनं अंगठ्यासाठी शाईची डबीही उघडली. मंजुळाबाईनं डबी बाजूला सारली. बोटात पेन ठरत नव्हता. दोनदा पडला. आश्रुबा हात पुढं करायला लागला, तर तिनं डोळ्यांनीच त्याला थांबवलं. वाकडंतिकडं का होईना, 'मंजुळा आश्रुबा' एवढं तिनं स्वतः लिहिलं. नर्स तेवढा वेळ उभी राहिली.

महिनाभर आवाज घोगरा होता, गळ्याला पट्टा होता. त्या घोगऱ्या आवाजातही तिनं घरच्यांना हंडा उचलायला लावलं, कारण डॉक्टरीणबाईंनी डोक्यावरचं वजन कायमचं बंद केलं होतं. उजव्या हाताची पकड आली. पाय नीट पडू लागले. डावा अंगठा मात्र बधीरच राहिला, आणि मागचं बघायचं तर सगळं अंग वळवावं लागे.

दसऱ्याच्या सुमारास नाथा मुकादम टोळी जमवत आला. "बरी झालीस की, मंजुळा. चल मग. तू न्हाईस तर आश्रुबाचा कोयता आर्धाच व्हतो." टोळीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरत.

"मी येत न्हाई. मोळी आता माझ्या डोक्यावर चढणार न्हाई, कवाच."

"सगळ्याच बाया असं म्हणाय लागल्या तर ट्रक कोण भरंल?"

"तुलाबी मान हायच की," मंजुळाबाई म्हणाली.

नाथा आश्रुबाकडं वळला. "काय बे, घरात कुणाचं चालतंय?"

आश्रुबानं तंबाखू थुंकली. "आर्धा म्हणून घ्यायचा तर घे. न्हाईतर दुसरा बघ."

नाथानं अर्धाच घेतला. आश्रुबा एकटा गेला, मंजुळाबाई शेळ्या घेऊन वाडीत राहिली. पौषात त्याचा फोन आला. टोळीतली मंगल ओल्या फळीवर चढायला नाही म्हणाली होती, तिच्यापाठोपाठ बाकीच्या बायकाही, आणि दुपारपर्यंत ट्रक तसाच उभा होता. नाथा लालबुंद झाला होता म्हणे.

"मग?" मंजुळाबाईनं विचारलं.

"मग काय. नाथानं सोता चार मोळ्या चढवल्या. पाचवीला बसला खाली."

मंजुळाबाई एवढी हसली, की तिला मान धरून बसावं लागलं.